कापसाच्या वाघिणी ते समृद्धी: विदर्भाचे रस्ते-रेल्वे असे का आहेत

समृद्धी महामार्गावरून नागपूरहून मुंबई आठ तासांत, हे ऐकून ऐकून आता कान किटले राजेहो. रस्ता भारी आहे, नाही म्हणायचं कारण नाही. पण याच विदर्भात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटला ही बातमी वर्षानुवर्षं पेपरात येत राहिली, आणि या दोन गोष्टी एकाच नकाशावर कशा काय बसतात ते कळायला जरा दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची, भुसावळ-बडनेरा-वर्धा करत. ओढ होती ती कापसाची. वऱ्हाड १८५३ पासूनच निजामाकडून इंग्रजांच्या हातात आलेलं, आणि १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, मग इकडच्या काळ्या मातीकडं सगळ्यांची नजर वळली. आता लाईन कशी टाकली बघा, मुंबईच्या बंदराकडं जितकी सरळ जाईल तितकी सरळ, त्यामुळं अमरावतीसारखी कापसाची मोठी पेठ मेन लाईनवर नाहीच, तिला बडनेऱ्याहून फाटा काढला, खामगावला जलंबहून. गावं एकमेकांना जोडायची हा हिशोबच नव्हता, माल बाहेर काढायचा हा होता.

पूर्वेकडंही तेच. छत्तीसगडचं धान्य बाहेर यावं म्हणून १८८० च्या दशकात राजनांदगावपर्यंत मीटरगेज झाली, १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि कलकत्त्याकडं नेली. पुढं १९२० च्या दशकात इटारसीकडून लाईन आली आणि १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेट जोडलं गेल्यावर दिल्ली-मद्रास गाड्या नागपूरवरून धावायला लागल्या. आजचं आपलं स्टेशन १५ जानेवारी १९२५ चं आहे. म्हणजे साठ-बासष्ट वर्षांत नागपूर देशाचा चौक झाला, चारी दिशांच्या गाड्या इथून जाणार. इथून जाणार, हा शब्द लक्षात ठेवा.

चौकाची कमाल हवाई टपालात पण दिसते. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास चारही शहरांतून विमानं रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर यायची, इथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जिकडची तिकडं परत. शहर झोपलेलं असायचं.

मेन लाईनच्या आतल्या भागाला काय मिळालं, तर नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची छोटी गाडी. त्यातली सगळ्यात लाडकी म्हणजे शकुंतला. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं कापसासाठीच टाकलेली, मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६. कापूस जायचा मँचेस्टरकडं आणि इंजिन आलं ते पण मँचेस्टरचंच, १९२१ चं बनलेलं, ते १९९४ पर्यंत वाफेवर गाडी ओढत होतं! रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यातून ही लाईन सुटली, रूळ कंपनीचे आणि गाडी सरकारची, असा कारभार स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, त्यामुळं रुळांवर खर्च कोणी करायचा याचं घोंगडं कायम भिजत, आणि शेवटी गाडीच बंद पडली. आम्ही लहानपणी इतवारीहून नागभीडची छोटी गाडी पकडायचो, उमरेडपर्यंत डब्यात माणसांपेक्षा टोपल्या जास्त. ती पण नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करायला म्हणून थांबवली.

रस्त्यांचं सांगायचं तर सिव्हिलवाल्या पोरांना नागपूर प्लॅन माहीत असतो, बाकी कोणाला नाही. १९४३ मध्ये देशभरातल्या प्रांतांचे चीफ इंजिनिअर नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही आज आपण सहज बोलतो ती उतरंड त्याच आराखड्यातली. शेतीच्या भागात कोणतंच गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नको, असा त्यात विचार होता. प्लॅनला नाव नागपूरचं, आणि महाराष्ट्र झाल्यावर विदर्भाचं भांडण कशावरून, तर रस्त्यांवरून पण. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाची गोष्ट होती, पण १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीनं हिशोब मांडला तेव्हा सिंचनासारखाच रस्त्यांचाही बॅकलॉग, म्हणजे अनुशेष, निघाला. अनुशेष हा शब्द आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण येतो तो उगाच नाही.

पण सगळं खापर मुंबईवर फोडून भागत नाही. पूर्व विदर्भात जंगल दाट, नद्या मोठ्या, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, आणि वाघ. नागपूर-शिवनी रस्ता, जुना सात नंबरचा आणि आताचा चव्वेचाळीस नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, पेंचच्या वाघांच्या जंगलातून चौपदरी करायचा म्हटलं तर प्रकरण कोर्टात गेलं, कामं रखडली, शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला जनावरांना खालून जायला नऊ ठिकाणी वाट ठेवून रस्ता वर उचलला, सगळ्यात लांब ७५० मीटरचा. खर्च वाढला, पण कॅमेऱ्यात त्याखालून वाघ जाताना दिसले, म्हणजे पैसा पाण्यात गेला नाही. मेळघाटात मात्र अकोला-खांडवा ब्रॉडगेज जंगलातूनच न्यायची की बाहेरून वळवायची, यावरच कित्येक वर्षं गेली.

समृद्धी त्यामानानं सुसाट झाली. २०१५ ला घोषणा, ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी खुला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा. भूसंपादनाला विरोध झाला, जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले, त्याच महिन्याच्या शेवटी शहापूरला पुलाचे गर्डर बसवायचं यंत्र, गर्डर लाँचर, कोसळून २० माणसं मेली. हे विसरून नुसतं आठ तास आठ तास करणं मला जमत नाही.

आणि वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणारी २८४ किलोमीटरची लाईन बघा, २००८ च्या सुमारास मंजूर, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी सुरू झाली ती वर्धा ते कळंब एवढीच. गडचिरोली जिल्ह्यात स्टेशन म्हणजे वडसा, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतची पन्नासेक किलोमीटरची लाईन मंजूर होऊन दहा वर्षांच्या वर झाली. आता मात्र त्याच जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजामुळं तिकडच्या रस्ते-रेल्वेची घाई एकदम सगळ्यांनाच सुटली आहे. खनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांची चाळण करतात त्याच रस्त्यांवरून एटापल्लीची एसटी पण जाते.