आरोग्य केंद्रात डॉक्टर का टिकत नाही? बंधपत्रामागची पार्श्वभूमी

गावाला डॉक्टर मिळत नाही ही तक्रार आरोग्य केंद्रांपेक्षा जुनी आहे. 1946 साली सरकारने नेमलेल्या आरोग्य समितीचा (भोर समितीचा) अहवाल आला, तेव्हा देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांपैकी दर पाचांत तिघे पदविकाधारक, म्हणजे पदवीपेक्षा कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले, होते. यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा, म्हणजे पदवीधरच घडवायचा, असे समितीने बहुमताने ठरवले. पुरेसे पदवीधर तयार होईपर्यंत पदविका सुरू ठेवा, असे म्हणणारे काही सदस्य मागे पडले. 1952 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. महाराष्ट्रात 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि आजही चालू असलेली विचित्र घडी बसली: दवाखाना जिल्हा परिषदेचा, त्यातला डॉक्टर राज्य सरकारचा. क्वार्टरचे छत गळते याची तक्रार एकीकडे करायची आणि बदलीचा अर्ज दुसरीकडे.

जागा रिकाम्या राहिल्या की त्या भरण्याची तात्पुरती सोय निघत गेली. बीएएमएस डॉक्टर 11-11 महिन्यांच्या नेमणुकीवर, मधे एक-दोन दिवसांचा खंड दाखवून, वर्षानुवर्षे राबले. 1995 च्या नवसंजीवनी योजनेत आदिवासी पाड्यांसाठी भरारी पथके, म्हणजे फिरती वैद्यकीय पथके, आली. त्यातले डॉक्टर ‘मानसेवी’. पावसाळ्यात रस्ता तुटल्यावर पायी पाड्यावर जाणारा माणूस मानधनावर आणि जिल्ह्याच्या ठिकाणी फाईल हलवणारा कायम वेतनश्रेणीवर, हा अन्याय फारसा कुणाला खुपला नाही.

वाद खरा पेटला तो बंधपत्रावरून, म्हणजे शिक्षणानंतर सरकारी सेवा करण्याच्या लेखी हमीवरून. शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांत स्वस्तात शिकलेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करावी, हे तत्त्व चुकीचे म्हणता येणार नाही. करदात्याच्या पैशाची ती रास्त परतफेड आहे. पण वर्षानुवर्षे एमबीबीएसला 10 लाख रुपये भरून यातून सुटता येत असे. ज्याच्या घरी पैसे होते तो सुटला, आणि शेतकऱ्याचा मुलगा धडगाव किंवा भामरागडसारख्या दुर्गम भागात रुजू झाला. खासगी महाविद्यालयांत शिकलेल्यांवर तर हे बंधनच नव्हते.

रुजू झालेल्याचे वर्ष कसे जाते तेही पाहावे. सकाळची ओपीडी, रात्रीची बाळंतपणे, सर्पदंश, पोलिसांनी आणलेले शवविच्छेदन आणि उरलेल्या वेळात नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अभ्यास. केंद्रात दोन वैद्यकीय अधिकारी मंजूर असले तरी दुसरा बहुधा प्रशिक्षणाला किंवा प्रतिनियुक्तीवर. कोणत्या घरात क्षयाचा औषधोपचार अर्धवट सुटलाय, कुठल्या सुनेचे हिमोग्लोबिन मागच्या खेपेला किती होते, हे डॉक्टरला उमगू लागते तोवर वर्ष संपते आणि नवा येतो. मासिक अहवालात मात्र पद भरलेलेच दिसते. बंधपत्राने रिकाम्या जागांचा आकडा खाली आला, पण गावाला ओळखीचा डॉक्टर मिळाला नाही. माझ्या मते या धोरणाची मोठी चूक हीच.

या शतकात 1946 चाच प्रश्न, म्हणजे गावासाठी कमी शिकलेला डॉक्टर चालेल का, हा नव्या रूपांत परतला आहे. छत्तीसगडने 2001 मध्ये, मग आसामने, तीन वर्षांचा ग्रामीण अभ्यासक्रम काढला. आसामचा कायदा 2014 मध्ये उच्च न्यायालयात रद्द ठरला आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा बदलून एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट खुली केली. त्यावरून 2025 मध्ये पुन्हा संपापर्यंत गोष्ट गेली. 2018 पासून उपकेंद्रांत सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले समुदाय आरोग्य अधिकारी बसू लागले, तेही कंत्राटावर.

टिकून राहणाऱ्याला काही देण्याची भाषा फार उशिरा आली. ग्रामीण सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये मान्य केला. महाराष्ट्राने 2022 मध्ये अशा 20 टक्के जागांचा निर्णय घेतला. दुर्गम केंद्रात चार-पाच वर्षे काढलेल्या डॉक्टरला या वाटेने शिकून परत त्याच जिल्ह्यात यावेसे वाटले, तर बंधपत्राची गरजच कमी होईल.