पेपर पीसिंग दोन, आणि दोघांचे कागद एकमेकांच्या उलट

पेपर पीसिंग म्हणजे कागदाच्या आधाराने कापडाचे तुकडे जोडून गोधडीची नक्षी शिवणं. 'त्याला कागद कोणता घेऊ?' असं कुणी विचारलं की आधी उलट विचारावं लागतं: फाउंडेशन की इंग्लिश? नावं सारखी वाटली तरी एकीला लागणारा कागद दुसरीच्या कामाचा नाही.

इंग्लिश पद्धत जुनी आणि हाताची. ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्ड या गोधडी करणाऱ्यांच्या संस्थेकडे १७१८ साल घातलेलं रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आहे, तेही कागदावर बेतूनच शिवलेलं. कागद माया (शिवणीसाठी सोडायची जादा कड) न धरता कापायचा, त्यावर कापडाची पाव इंच माया दुमडून कच्चा धावदोरा घालायचा आणि काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी तुकडे जोडायचे. कापडाची कड धरून ठेवणं हेच कागदाचं काम, म्हणून तो ताठ हवा. १६० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासची कार्डशीट घ्या. जुन्या लग्नपत्रिकाही चालतात, फक्त सुई अडेल इतक्या जाड नकोत. तुकडा षटकोनी असेल तर त्याच्या सहाही बाजू जोडून झाल्या की आतला कागद काढून पुन्हा वापरायचा.

फाउंडेशनमध्ये टीप कागदावरच पडते. नक्षी एका बाजूला छापलेली, कापड कोऱ्या बाजूला, आणि मशीन छापील रेघेवरून चालवायचं. शेवटी तो कागद फाडून काढायचा असतो, तेव्हा जितका लेचापेचा तितका बरा. झेरॉक्सचा ७५ जीएसएम कागद चालतो, पण ओढताना टाके सैल होतात, विशेषतः बारीक कोपऱ्यांत. माझी पसंती वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाला. टाका दीड मिलिमीटरचा, सुई १४ नंबरची. भोकं जवळजवळ पडली की कागद पोस्टाच्या तिकिटासारखा सुटतो. ट्रेसिंग पेपरमधून खालचा तुकडा दिसतो ही मोठी सोय, पण लेझर प्रिंटरच्या उष्णतेने तो वळतो आणि अडकतो. पातळ कागद कोणताही असो, प्रिंटरमध्ये एकेकच घाला.

खरी गडबड छपाईत होते. अमेरिकेतले नमुने लेटर आकाराच्या पानावर बेतलेले असतात, रुंदी २१६ मिमी. आपला ए-४ कागद २१० मिमी. प्रिंटरची सेटिंग 'फिट' वर असली की पान गुपचूप आक्रसतं, आणि ६ इंचांचा ब्लॉक (गोधडीचा एक नक्षीदार चौकोन) ५.८ इंचांच्या आसपास येतो. सगळेच ब्लॉक तेवढे आले तर एक वेळ निभावेल, पण ब्लॉकांच्या मधले साधे कापडी चौकोन तुम्ही मापाने कापलेले असतात, ते कसे जुळणार? झेरॉक्सच्या दुकानात 'अ‍ॅक्चुअल साइज, १०० टक्के' असं स्पष्ट सांगा आणि पहिल्याच पानावर माप तपासायला छापलेला एक इंचाचा चौकोन पट्टीने मोजा. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढू नका, प्रत्येक प्रत मूळ फाइलवरूनच छापा. इंग्लिशलाही हे लागू आहे, पण तिथे सगळे षटकोन एकाच छपाईतले असले की आपसांत तरी जुळतात.

फाउंडेशनमध्ये तयार ब्लॉक छापील नक्षीच्या आरशातल्या प्रतिमेसारखा येतो. विकतच्या नमुन्यात बहुधा हे आधीच उलटवलेलं असतं. स्वतः 'ग' काढणार असाल तर उलटा छापा, नाहीतर कापडावर उलटा येईल.

इस्त्री कोरडीच आणि कापडाच्या बाजूने करा. लेझरचा टोनर उष्णतेने मऊ होऊन इस्त्रीच्या तळाला चिकटतो, तर इंकजेटची शाई वाफेने फुटते. आणि कागद लगेच फाडू नका. तिरक्या धाग्यावर कापलेल्या कडा ओढल्या की ताणतात, म्हणून शेजारचा ब्लॉक जोडून होईपर्यंत तो आत राहू द्या.