ऑस्ट्रेलियात तीव्र गरजांच्या दिव्यांग साहाय्यासाठी पुरावा इतका का मागितला जातो?

ज्या व्यक्तीच्या गळ्यात श्वासासाठी नळी बसवलेली आहे, जिला पोटातल्या नळीतून अन्न द्यावे लागते आणि रात्रीतून अनेकदा उठून जिचा कफ यंत्राने ओढून काढावा लागतो, तिच्या कुटुंबाला ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल डिसेबिलिटी इन्शुरन्स स्कीमकडे, म्हणजेच एनडीआयएसकडे, निधी मागताना पुन्हा पुन्हा पुरावा द्यावा लागतो. नुसते निदानाचे पत्र पुरत नाही. हा आग्रह कागदी घोडे नाचवण्याच्या हौसेतून आलेला नाही. योजनेच्या घडणीत तो टप्प्याटप्प्याने शिरला आहे आणि ते टप्पे ठाऊक असले की कोणता कागद कशासाठी मागतात हे कळते.

योजनेआधी दिव्यांगांची मदत मुख्यतः राज्य सरकारांच्या हाती होती आणि ती उपलब्ध पैशाच्या बेताने वाटली जाई. व्हिक्टोरियात रस्ता अपघातात जबर जायबंदी झालेल्याला चूक कोणाची हे न पाहता दीर्घकाळच्या शुश्रूषेचा खर्च मिळे, पण तितकीच गरज असलेले, जन्मतः सेरेब्रल पाल्सी असलेले मूल प्रतीक्षायादीत राही. सरकारला धोरणांवर सल्ला देणाऱ्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०११ च्या अहवालात ही व्यवस्था अपुऱ्या निधीची, अन्याय्य आणि विस्कळीत ठरवली. मार्च २०१३ मध्ये कायदा झाला, १ जुलै २०१३ पासून न्यू साउथ वेल्समधील हंटर आणि व्हिक्टोरियातील बारवनसारख्या भागांत चाचणी सुरू झाली आणि २०१६ पासून योजना देशभर पसरू लागली.

कायद्याने आजारागणिक ठरावीक रक्कम बांधून दिली नाही. कलम ३४ नुसार प्रत्येक साहाय्य ‘वाजवी आणि आवश्यक’ ठरावे लागते: ते व्यक्तीच्या उद्दिष्टांना धरून हवे, परिणामकारक हवे, खर्चाच्या मानाने योग्य हवे, कुटुंबाकडून रास्तपणे अपेक्षिता येईल त्यापलीकडचे हवे आणि (ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीपर्यंतच्या शब्दांत) आरोग्य वा शिक्षण खात्याऐवजी याच योजनेने देण्याजोगे हवे. २०१७ मध्ये फेडरल कोर्टाने स्पष्ट केले की एखादे साहाय्य या कसोटीला उतरले तर त्याचा काही अंशच देऊन भागणार नाही. हा निकाल दिव्यांगांच्या बाजूचा होता, यात शंका नाही. पण माझ्या मते त्यामुळे सगळा भार आधीच्या प्रश्नावर, म्हणजे कसोटीच्या पुराव्यावर, आणखी पडला.

सर्वांत जास्त ओढाताण झाली ती आरोग्यसेवेच्या सीमेवर. गिळण्याचा त्रास, जखमांची निगा, मधुमेह, अपस्मार, श्वसनाची यंत्रे ही कामे दवाखान्याची की योजनेची, यावर केंद्र आणि राज्ये एकमेकांकडे बोट दाखवत राहिली आणि मधे माणसे अडकली. जून २०१९ मध्ये केंद्र व राज्यांच्या मंत्र्यांच्या परिषदेने तोडगा काढला आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून अपंगत्वाशी थेट जोडलेली अशी नित्याची आरोग्यविषयक मदत योजनेत आली. ‘अपंगत्वाशी थेट जोडलेली’ ही अट मात्र राहिली, म्हणून डॉक्टरांच्या किंवा नर्सच्या अहवालात हा संबंध स्पष्ट शब्दांत यावा लागतो.

दुसरा धागा कामगारांच्या कौशल्याचा. जुलै २०१८ मध्ये योजनेचा गुणवत्ता व सुरक्षा आयोग सुरू झाला आणि त्याच्या निकषांत ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्यातली श्वासाची नळी), व्हेंटिलेटर, नळीने अन्न, कॅथेटर, गुंतागुंतीची शौचनिगा, त्वचेखालील इंजेक्शन अशा ‘हाय इंटेन्सिटी’ कामांसाठी वेगळे प्रशिक्षण आले. त्यांचा ताशी दरही चढा असतो. साहजिकच योजना चालवणारी सरकारी एजन्सी विचारते: नेमके कोणते काम, दिवसातून किती वेळा, किती मिनिटे, ते चुकले तर धोका कोणता, आणि साध्या मदतनिसाला ते का जमणार नाही?

‘रात्री लक्ष ठेवावे लागते’ या वाक्याने यातले काहीच सिद्ध होत नाही. ‘१.१० ला सक्शन, कफ घट्ट, २.४५ ला कूस बदलली, ३.३० ला पुन्हा सक्शन, ऑक्सिजन खाली गेला होता’ अशी काही आठवड्यांची नोंदवही मात्र रात्रभर जागा राहणारा मदतनीस का हवा हे दाखवते. तिच्या जोडीला ऑक्युपेशनल थेरपिस्टचे (रोजची कामे कितपत जमतात हे पाहणाऱ्या तज्ज्ञाचे) कार्यक्षमता-मूल्यमापन, स्पीच पॅथॉलॉजिस्टची (बोलणे व गिळणे तपासणाऱ्या तज्ज्ञाची) जेवणाची योजना, नर्सचा अहवाल आणि तासवार वेळापत्रक एकमेकांशी जुळणारे असावे लागते.

मेलबर्न-सिडनीत नागरिक किंवा कायम रहिवासी झालेल्या मराठी घरांना इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. घरच्यांनी केलेली सेवा मोजायची नसते, अशी आपली शिकवण. त्यामुळे आई-बाबा, आजी निमूटपणे करतात ते अहवालात येतच नाही. मग घरची मदत पुरेशी आहे असे कागदावरून दिसते आणि कलम ३४ मधील कुटुंबाची अट अर्जाच्या विरोधात जाते.

अहवालांचा खर्चही लहान नसतो आणि ज्याला तो परवडतो त्याची बाजू बळकट होते. यावर उपाय म्हणून सरकारने २०२० मध्ये एजन्सीने नेमलेल्या त्रयस्थांकडून ‘स्वतंत्र मूल्यमापन’ आणण्याचे जाहीर केले. परंतु अनोळखी माणूस काही तासांत आपले आयुष्य जोखणार, या भीतीने दिव्यांग संघटनांनी कडवा विरोध केला आणि जुलै २०२१ मध्ये तो बेत सोडावा लागला. योजनेचा आढावा घेणाऱ्या, ब्रूस बोनिहेडी आणि लिसा पॉल यांच्या समितीचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पुन्हा गरजांच्या मूल्यमापनावर भर होता. ३ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार दिला. नवी पद्धत टप्प्याटप्प्याने येणार असल्याने, जुन्या चौकटीतल्या योजनांचा निर्णय अजून कलम ३४ च्या कसोटीवर आणि जोडलेल्या अहवालांवरच होतो. तो अमान्य असल्यास आधी एजन्सीकडे अंतर्गत फेरविचार आणि नंतर, ऑक्टोबर २०२४ पासून, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल या सरकारी निर्णय तपासणाऱ्या लवादाकडे दाद मागता येते.