गावची नोट आणि गावची वही

‘स्थानिक चलन’ म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी सर्रास एकाच माळेत ओवल्या जातात. एक म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियातला कीमगाउअर, म्हणजे छापील नोट. दुसरी म्हणजे लेट्स (LETS), सभासदांच्या आपसातल्या देवाणघेवाणीचा हिशेब वहीत ठेवण्याची पद्धत, कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर सुरू झालेली. दोन्ही एका परिसरापुरत्या चालतात आणि पैसा बाहेर न जाता तिथेच फिरावा हा दोन्हींचा हेतू. पण हा पैसा मुळात येतो कुठून, एवढंच विचारलं की त्यांच्या वाटा फुटतात.

कीमगाउअर 2003 साली प्रीन या गावात सुरू झाला. क्रिस्टियान गेलेरी हे वाल्डॉर्फ शाळेतले शिक्षक, आणि हा त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर हाती घेतलेला उपक्रम. हिशेब सरळ आहे. एक युरो द्या, एक कीमगाउअर घ्या आणि तो परिसरातल्या दुकानांत खर्च करा. दुकानदाराला तो पुन्हा युरोत बदलायचा असेल तर 5 टक्के कापले जातात. त्यातले 3 टक्के ग्राहकाने निवडलेल्या स्थानिक संस्थेला आणि 2 टक्के व्यवस्थेच्या खर्चाला. म्हणून दुकानदार बदलून घेण्याऐवजी शेजारच्या बेकरीवाल्याला किंवा शेतकऱ्यालाच ती नोट देऊन टाकतो. शिवाय नोट दाबून ठेवली तर ती वैध राहावी म्हणून ठरावीक मुदतीने तिकीट चिकटवावं लागतं. सुरुवातीला हा भार दर तिमाहीला 2 टक्के होता.

थोडक्यात, ही नोट म्हणजे कपडे बदललेला युरो. कुणीतरी आधी युरो दिल्याशिवाय कीमगाउअर बाहेर येत नाही.

लेट्समध्ये उलट आहे. मायकेल लिंटन यांनी 1983 साली कोर्टनी इथे ती सुरू केली तेव्हा त्या भागात बेकारी होती. लोकांना कामं येत होती, कामांची गरजही होती, फक्त डॉलर नव्हते. त्यांनी नोटा छापल्याच नाहीत, वही उघडली. समजा, सुताराने शिक्षिकेचं छप्पर दुरुस्त केलं आणि 60 ‘हिरवे डॉलर’ ठरले. सुताराच्या खात्यावर 60 जमा, शिक्षिकेच्या खात्यावर 60 नावे. आधी कुणाकडेही काहीच नव्हतं, पैसा त्या व्यवहाराच्या क्षणी निर्माण झाला. सगळ्या खात्यांची बेरीज कायम शून्य. नावे बाकीवर व्याज नाही.

आपल्याला ही वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी वाटेल, पण मेख इथेच आहे. शिक्षिका सुताराची देणेकरी नाही, ती सगळ्या सभासदांची देणेकरी आहे. तिने कुणाच्याही मुलाला गणित शिकवलं तरी तिची बाकी उतरते. वस्तुविनिमयातली जुनी अडचण, म्हणजे मला हवं ते तुझ्याकडे आणि तुला हवं ते माझ्याकडेच असलं पाहिजे, ती यामुळे सुटते.

गोंधळ वाढवतं ते ऑस्ट्रियातलं व्योर्गल. दोन्ही बाजूंचे लोक त्याचा दाखला देतात. 1932 च्या मंदीत तिथले महापौर मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनी नगरपालिकेच्या कामगारांना मजुरी म्हणून स्वतःच्या नोटा दिल्या. दर महिन्याला दर्शनी किमतीच्या 1 टक्क्याचं तिकीट लावायचं, त्यामुळे नोट कुणी घरात ठेवत नसे. रस्ते झाले, पूल झाला, लोकांनी थकलेले करसुद्धा भरले. बेकारांना काम मिळालं म्हणून ही लेट्सची आजी वाटते. पण त्या नोटांमागे स्थानिक पतपेढीत तेवढे शिलिंग (ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन) ठेवलेले होते आणि 2 टक्के कापून त्या बदलूनही मिळत. म्हणजे जात नोटेचीच. फरक एवढाच की शिलिंगची सोय गिऱ्हाइकाने न करता नगरपालिकेने केली होती, आणि माझ्या मते तिथलं सगळं यश या एका फरकात आहे.

म्हणून एखाद्या गावाचा त्रास काय आहे ते आधी बघावं. लोकांकडे पैसा आहे पण तो महामार्गावरच्या मोठ्या मॉलमध्ये जातोय, तर नोट उपयोगी. ब्रिस्टलमध्ये 2012 साली स्थानिक पाउंड निघाला, आणि त्याच वर्षी महापौर झालेले जॉर्ज फर्ग्युसन पूर्ण पगार त्यातच घेत. असं पाठबळ आणि नोट स्वीकारणारी भरपूर दुकानं असतील तरच ती फिरते. लोकांकडे पैसाच नसेल आणि व्योर्गलसारखी तो पुरवणारी नगरपालिकाही नसेल, तर वहीला पर्याय नाही.

दोघींची दुखणीही वेगळी. नोट डोळ्यांत भरते. व्योर्गलची बघून इतर गावं अनुकरणाला निघाली तशी ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेने हरकत घेतली आणि सप्टेंबर 1933 मध्ये प्रयोग थांबला. वही मात्र आतून पोखरते. कुणी भरपूर कामं करून घेतो आणि गाव सोडून जातो. दुसरीकडे दंतवैद्याच्या खात्यावर इतकं जमा होतं की त्या डॉलरांचं करायचं काय, हेच त्याला कळत नाही, कारण वहीत भाजी, मालिश आणि गिटारचे क्लास असतात, पण भाडं आणि पेट्रोल नसतं. म्हणून लेट्समध्ये कुणाची बाकी किती हे इतर सभासदांना पाहता येतं. काम करण्याआधी समोरच्यावर किती देणं साचलंय ते बघायचं आणि मग हो म्हणायचं की नाही ते ठरवायचं.