लोहाचरा व घोडामारा

पश्चिम बंगालच्या दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातील, हुगळी नदीच्या मुखाजवळची दोन बेटे. यांपैकी लोहाचरा पाण्याखाली गेले, तर घोडामारा झिजत आहे. सुपारीभांगा व बेडफर्ड ही जवळची बेटेही गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नाहीशी झाली. मकरसंक्रांतीला गंगासागरास जाणारे यात्रेकरू काकद्वीपहून हुगळीच्या मुडीगंगा या शाखेचे पात्र ओलांडून सागर बेटावर उतरतात. घोडामारा त्याच पात्राच्या वरच्या अंगाला आहे. हवामानबदलामुळे होणाऱ्या विस्थापनाच्या चर्चेत भारतातील ज्या उदाहरणांचा वारंवार उल्लेख होतो, त्यांत ही बेटे येतात.

लोहाचरा नेमके केव्हा बुडाले याविषयी एकमत नाही. डिसेंबर २००६ मध्ये एका ब्रिटिश दैनिकाने ‘समुद्रपातळी वाढल्यामुळे नाहीसे झालेले जगातील पहिले वस्तीचे बेट’ अशा आशयाचे वृत्त दिले. त्याला आधार होता जादवपूर विद्यापीठाच्या सागरविज्ञान अभ्यास केंद्रातील सुगत हाझरा यांच्या उपग्रहचित्रांवरील संशोधनाचा. तेव्हापासून २००६ हेच बुडण्याचे वर्ष म्हणून रूढ झाले. वास्तविक ते प्रसिद्धीचे वर्ष होय. वस्ती १९८० च्या दशकातच उठू लागली होती आणि बेट १९९० च्या दशकात भरतीरेषेखाली गेले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या वृत्तातील दहा हजार लोकसंख्येचा आकडाही जपूनच घ्यावा लागतो. २००९ च्या सुमारास त्याच जागी ओहोटीच्या वेळी गाळाचा उंचवटा दिसू लागल्याचे वृत्त आले. खाडीमुखात अशी भर आणि झीज शेजारी शेजारी चालते. घोडामारा आक्रसत असताना पश्चिमेकडील नयाचर हे बेट वाढत गेले.

घोडामाऱ्याचे क्षेत्रफळ १९७० च्या दशकाच्या मध्यास सुमारे ८.५ चौ. किमी. होते. २०१२ च्या सुमारास ते जवळपास निम्मे, म्हणजे ४.४ चौ. किमी. उरले होते. खासिमारा, लक्ष्मीनारायणपूर यांसारखी गावे आज केवळ जुन्या नकाशांत सापडतात.

झिजेची कारणे : याबाबत तीन मते प्रचलित आहेत. पहिले मत समुद्रपातळीच्या वाढीवर भर देते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे उन्नीकृष्णन व शंकर यांनी २००७ मध्ये भरतीमापकांच्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या. त्यांत उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरील वाढ वर्षाला सरासरी १.३ मिमी.च्या आसपास आढळली, तर हुगळीवरील डायमंड हार्बर येथे ती ५ मिमी.हून अधिक होती. हा फरक महत्त्वाचा आहे. मापक ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीनच खचत असेल, तर पाणी प्रत्यक्षाहून अधिक चढल्याचे दिसते. त्रिभुज प्रदेशातील कोवळा गाळ स्वतःच्या भाराने दबतो. शिवाय बंगालचे खोरे पूर्वेकडे कलत असल्याचे मॉर्गन व मॅकिन्टायर यांनी १९५९ मध्ये मांडले होते. गंगेचा मुख्य प्रवाह हुगळी सोडून पद्मा या पूर्वेकडील शाखेकडे वळण्याशी (साधारणतः बारावे ते सतरावे शतक) हा कल जोडला जातो. प्रवाह वळल्यावर पश्चिमेकडील बेटांना मिळणारा गाळ व गोडे पाणी घटले.

दुसरे मत माणसाने केलेल्या बदलांना दोष देते. कोलकाता बंदर गाळमुक्त राहावे म्हणून १९७५ मध्ये गंगेवरील फराक्का बंधाऱ्यातून ४०,००० क्युसेकपर्यंत (सेकंदाला घनफूट) पाणी हुगळीत वळवण्याची व्यवस्था झाली. हल्दिया बंदराच्या जलमार्गासाठीही प्रवाहाला वळण देणारी बांधकामे व गाळउपसा झाला. यामुळे प्रवाहाचा रोख घोडामाऱ्याकडे वळला, असे बेटावरील अनेक रहिवाशांचे म्हणणे आहे. या मतावरील आक्षेप असा की, घोडामारा सागर बेटापासून सुटे झाले ते फराक्काच्या बरेच आधी. तिसरे मत बांधांविषयीचे आहे. भारतीय सुंदरबनात सुमारे ३,५०० किमी. लांबीचे मातीचे बांध असून त्यांतील पुष्कळसे वसाहतकाळात गाळ साचून जमीन पुरती वर येण्याआधीच घातले गेले. त्यामुळे भरतीचा गाळ शेतात न पसरता नदीपात्रातच बसतो व आतली जमीन भरतीपातळीच्या खाली राहते.

ही कारणे एकमेकांना छेद देत नाहीत. खचणे, गाळाची तूट व प्रवाहाचा रोख यांमुळे बेट आधीच कमकुवत झालेले असते. चढणारा समुद्र आणि वादळी लाटा त्यावर अखेरचा घाव घालतात. केवळ हवामानबदल असे एकच नाव देणे शास्त्रदृष्ट्या अपुरे आहे. मात्र कारणे अनेक आहेत म्हणून विस्थापितांचा हक्क कमी ठरवणे हे त्याहून अधिक चुकीचे आहे, आणि प्रत्यक्षात बहुधा तसेच घडते.

विस्थापन : येथील विस्थापन क्वचितच एका दिवसात होते. नदी बांध खाते, तेव्हा मागे सरकून नवा बांध घालतात. मधली जमीन जाते आणि कुटुंब आत सरकते. हेच पुन्हा पुन्हा होऊन अखेरीस आत सरकायला जागा उरत नाही. लोहाचरा व घोडामारा येथील कुटुंबांना १९७० च्या दशकापासून सागर बेटावर वसवण्यात आले. आधी आलेल्यांना घरासह शेतजमीन मिळाली, नंतरच्यांना लहान तुकडे मिळाले आणि पुढे सरकारी जमीनच संपत आली. आता सागर बेटाचे किनारेही झिजत आहेत.

घोडामाऱ्यावर राहिलेल्यांचा मुख्य आधार पानमळे, भात व मासेमारी हा आहे. २६ मे २०२१ रोजी ‘यास’ चक्रीवादळ व पौर्णिमेची भरती एकाच वेळी आली आणि जवळजवळ सर्व बेट खाऱ्या पाण्याखाली गेले. पानवेल खारे पाणी सोसत नाही. त्यामुळे घर टिकले तरी उत्पन्न जाते. २५ मे २००९ च्या ‘आयला’ वादळानंतर सुंदरबनातील पुरुष मोठ्या संख्येने केरळ, तमिळनाडू व अंदमानात मजुरीला गेले. मागे राहिलेल्या स्त्रियांवर शेती, म्हातारी माणसे व कर्ज यांचा भार पडला. त्यांच्या स्थितीच्या पद्धतशीर नोंदी फार थोड्या आहेत.

कायदेशीर स्थान : १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात छळाची भीती हा निकष आहे, पर्यावरणीय हानीचा समावेश नाही. शिवाय देशांतर्गत विस्थापित त्याच्या कक्षेत येतच नाहीत. भारतात आपत्तिनिवारण निधीतून मदत मिळण्यासाठी घटना अधिसूचित आपत्तींपैकी असावी लागते. त्या राष्ट्रीय यादीत चक्रीवादळ व पूर आहेत, पण किनाऱ्याची वा नदीकाठाची धूप नाही. त्यामुळे वादळात कोसळलेले घर मदतीस पात्र ठरते, तर हळूहळू नदीत गेलेल्या घराला तो आधार मिळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळासाठी धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली.