पंचांवर लक्ष कोणाचे? सातारा-सांगलीतल्या जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

गटाराचे काम ग्रामपंचायतीचे आणि बिल निघाले सदस्याच्या सख्ख्या भावाच्या नावावर. अशा तक्रारीची एक फाइल मी साताऱ्यात पाहिली. वर त्या सदस्याला अपात्र ठरवा म्हणणारा विवाद अर्ज, खाली मासिक सभेच्या प्रोसिडिंगची नक्कल, माहिती अधिकारात मिळालेले व्हाउचर, मोजमाप पुस्तकाची झेरॉक्स आणि मग नुसत्या तारखा. अर्ज पडला तेव्हा पंचायतीची साडेतीन वर्षे बाकी होती. अपिलाचा निकाल आला तेव्हा गावात पुढच्या निवडणुकीचे पॅनेल ठरत होते. अर्जदार शेतकरी होता, दर तारखेला ऊस किंवा दूध कोणाच्या तरी भरवशावर टाकून एसटीने यायचा. त्याच्यावर ही वेळ का आली, हे कळायला बरेच मागे जावे लागते.

साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि पाचच वर्षांत, १८५३ मध्ये, साताऱ्यात नगरपालिका आली. तिच्यावर नजर सरकारची, म्हणजे कलेक्टरची. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या ठरावाने लोकनियुक्त सभासदांना वाट मिळाली, पण लगाम कलेक्टरच्याच हाती राहिला. पालिकेच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध आहे त्याने सभासद राहू नये, हा नियम १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यातही होता. म्हणजे नियम नवा नाही. खेड्यात तर पाटील-कुलकर्णी वतनदार; त्यांना जाब विचारायचा तो सारावसुलीपुरता, आणि तोही वरून.

याला आपल्याच भागात एक अपवाद घडला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. २१ जानेवारी १९३९ रोजी औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. तिला गांधीजींचे मार्गदर्शन होते. संस्थान ७२ गावांचे. कुंडल आणि आटपाडी त्यातच. गावाने निवडलेले पंच गावचा कारभार पाहू लागले, तंटेही तिथेच मिटू लागले. चारच वर्षांनी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने त्याच कुंडलच्या परिसरात मूळ धरले. त्यांची न्यायदान मंडळे चावडीत, देवळात बसून निवाडा करत. शिक्षा कठोर असत, वरच्या दाराशी दाद मागायची सोय नव्हती आणि आजच्या कायद्यात ते बसणार नाही, हे मान्यच. पण तक्रार ऐकणारा गावातच बसलेला होता आणि निवाडा सगळ्यांसमोर होत होता.

स्वातंत्र्यानंतर हे सूत्र तुटले. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, जिल्हा परिषदेचा १९६१ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा. देवराष्ट्रेत जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १ मे १९६२ ला, जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि सत्ता खरोखर खाली आली. चौकशी मात्र वरच राहिली. पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ (१) (ग) खाली सदस्य अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण असले तर (ज-३) खाली. त्याचा निवाडा जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडे, त्यापुढे हायकोर्ट. सरपंचाने गैरवर्तन केले तर कलम ३९, त्याचीही वाट जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीतून आयुक्तांपर्यंत. सासऱ्याने, नवऱ्याने केलेल्या अतिक्रमणात राहणारी सदस्यही अपात्र ठरते, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितले. नियम धारदार झाला, पण अर्जदाराची पायपीट तेवढीच राहिली.

नगरपालिकांत १९६५ च्या अधिनियमातल्या कलम ३०८ चा बोलबाला असतो. बेकायदा ठरावाला जिल्हाधिकारी त्याखाली स्थगिती देऊ शकतात. सभागृहात काय होते ते पाहिले की या कलमाची गरज कळते. अजेंड्यावरचे विषय घाईने संपतात, मग ‘ऐनवेळचे विषय’ निघतात. सूचक कोण, अनुमोदक कोण हे नीट ऐकू येण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा आवाज होतो. विरोधी नगरसेवकाला खरा ठराव कळतो तो इतिवृत्ताची प्रत हाती पडल्यावर. तोवर निविदा निघालेली असते.

सांगलीत हे अंतर आणखी वाढले. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली आणि शहरांना १९४९ चा महानगरपालिका कायदा लागू झाला. त्यात ठराव रोखण्याचा अधिकार कलम ४५१ खाली राज्य सरकारचा. मिरजेच्या माणसाची तक्रार आधी कलेक्टर कचेरीत जायची, आता ती मंत्रालयात जाऊन बसते.

लाचेचे वेगळे. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग राज्यात १९५७ पासून आहे. तक्रार आली की आधी मागणीची पडताळणी होते. मग दुसऱ्या कार्यालयातले दोन सरकारी कर्मचारी पंच, म्हणजे साक्षीदार, म्हणून बसवतात, नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरवतात आणि नोटांवर अँथ्रासीन पावडर लावतात. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. अतिनील दिव्याखाली घेणाऱ्याची बोटे निळसर चमकतात. पुरावा इतका स्वच्छ क्वचितच मिळतो. पण भावाला काम देताना कोणाच्या बोटांना पावडर लागत नाही. आमच्याकडचे बरेचसे नुकसान याच वाटेने होते, आणि सापळ्यात ते सापडत नाही.

बाकीच्या यंत्रणा थोडक्यात सांगतो. लोकायुक्त कायदा १९७१ चा, देशात सर्वांत आधी अमलात आलेल्यांपैकी; पण त्याखाली लोकायुक्तांना शिफारस करता येई, शिक्षा नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा १९३० चा, त्यात दोषी व्यक्तीकडून रक्कम वसूल करण्याची ‘भार-अधिभारा’ची तरतूद आहे. विधिमंडळाची पंचायत राज समिती येते तेव्हा लेखापरीक्षेतले जुने आक्षेप निकाली काढायला जिल्हा परिषदेत रात्री दिवे जळतात.

खरा फरक पडला तो माहिती अधिकाराने. राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. दहा रुपयांच्या अर्जावर व्हाउचर मागता येऊ लागले आणि पूर्वी जी कुजबुज पारावर विरायची तिला कागद मिळाला. पण कागद मिळवणारा गावातच राहतो. त्याच्या शेतावर जायची वाट, पाण्याची पाळी, मुलीचे लग्न, सगळे त्याच लोकांत. एवढ्या कायद्यांत त्याचा खर्च किंवा त्याची सोबत कोणी पाहिलेली नाही, हे मला सगळ्यांत जास्त खटकते.

मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. पालिकांतही लोकनियुक्त सभागृहे उरली नाहीत. वर्षानुवर्षे ठराव करणारा अधिकारी तोच आणि अंमल करणाराही तोच. ३०८ खाली अर्ज करायला विरोधी बाकच नव्हता. नगरपालिकांच्या निवडणुका व्हायला २०२५ चा डिसेंबर उजाडला.

फाइलवाल्या त्या शेतकऱ्याला मी नंतर विचारले, आता पुढे काय. तो म्हणाला, ग्रामसभेला जातो. प्रोसिडिंगवर सह्या व्हायच्या आधी उभा राहतो आणि म्हणतो, आधी वाचून दाखवा.