अरुणोदय : चार घटका की तीन?

बोलताना आपण तांबडं फुटलं म्हणतो, फटफटलं म्हणतो, झुंजुमुंजु झालं म्हणतो. अरुणोदय हा शब्द तोंडी फारसा येत नाही. तो पंचांगातला, छापील. तरी त्याच्यामुळे घराघरांत वाद होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात मंगळवारच्या चौकोनात ‘स्मार्त एकादशी’ आणि बुधवारच्या चौकोनात ‘भागवत एकादशी’ दिसली की साबुदाणा कुठल्या रात्री भिजत घालायचा, इथपासून सुरुवात होते. बहुतेक वेळा ते दोन चौकोन या एका शब्दाने वेगळे केलेले असतात.

मूळ अर्थ सरळ आहे. वेदांत अरुण म्हणजे तांबूस. पुढे त्या रंगाला देह मिळाला: विनतेने घाईने अंडे फोडले म्हणून मांड्यांवाचून जन्मलेला, गरुडाचा थोरला भाऊ, सूर्याचा सारथी. आधी सारथी दिसतो, मग रथातला धनी.

गुंता वेळेचा आहे. ‘चतस्रो घटिकाः प्रातररुणोदय उच्यते’ हे धर्मशास्त्राचे प्रसिद्ध वचन. घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटे. दुसरा श्लोक मात्र आदल्या सूर्योदयापासून मोजतो: ५५ घटकांना उषःकाल, ५७ ला अरुणोदय, ५८ ला प्रातःकाल. साठातून सत्तावन्न गेले, उरल्या तीन घटका, ७२ मिनिटे. शब्द तोच, फरक अख्ख्या घटकेचा.

डोळ्यांना काय दिसते? महाराष्ट्रात पहिला अगदी फिकट उजेड सूर्योदयाआधी साधारण ७५ ते ८५ मिनिटे क्षितिजावर येतो. ९६ मिनिटे आधी पूर्वेला निव्वळ रात्र असते. म्हणजे चार घटकांच्या अरुणोदयाला अरुण नसतो. ७२ मिनिटांचा हिशेब आकाशाला धरून आहे, आणि मला तोच पटतो. तांबडे फुटायला मात्र तेव्हाही बराच अवकाश असतो.

व्रताच्या निर्णयात मात्र चार घटकाच चालल्या. स्मार्तांचा कटाक्ष सूर्योदयाकडे, भागवतांचा अरुणोदयाकडे: त्या वेळी दशमी शिल्लक असली तर एकादशी ‘विद्ध’, उपवास दुसऱ्या दिवशी. वारकरी भागवत एकादशी धरतात. समजा सूर्योदय ६.१० ला आहे. चार घटकांनी अरुणोदय ४.३४ ला लागतो, तीन घटकांनी ४.५८ ला. दशमी ४.५० ला संपली, तर पहिल्या हिशेबाने एकादशी विद्ध, दुसऱ्याने शुद्ध. अंधारातल्या चोवीस मिनिटांवर उपवासाचा अख्खा दिवस फिरतो. चारांचा आग्रह धरणारे सांगतात की ही स्नानाची, तयारीची वेळ आहे, उजेडाची नव्हे. म्हणणे प्रामाणिक आहे, पण मग नाव उजेडाचे कशाला?

एकोणिसाव्या शतकात छापखान्यांनी हा शब्द पंचांगाबाहेर काढला. आसामात शिवसागरच्या मिशनऱ्यांनी १८४६ मध्ये काढलेल्या मासिकाला हेच नाव होते, त्यांच्या उच्चारात ‘ओरुनोदोइ’. ठाण्याहून १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ साप्ताहिक निघाले, आणि ख्रिस्ती झालेल्या एका मराठी लेखकाने आत्मचरित्रालाही हेच नाव दिले. घटका-पळे मागे पडली. अरुणोदय म्हणजे जागृती झाली. आज शाळांना आणि सोसायट्यांना हे नाव देताना हाच अर्थ मनात असतो.

घड्याळे एक झाल्यावर पंचांगातला गुंता उलट वाढला. मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःची वेळ राखली होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. पुढे सगळा महाराष्ट्र एका घड्याळावर आला. पण सूर्य नागपूरला मुंबईच्या पंचवीसेक मिनिटे आधी उगवतो, तिथी मात्र सगळीकडे एकाच क्षणी संपते. दशमी ४.२० ला संपली आणि मुंबईचा अरुणोदय ४.३४ ला असला, तर मुंबईत एकादशी शुद्ध. नागपुरात अरुणोदय ४.०९ लाच लागलेला, म्हणून तिथे ती विद्ध. मुंबईच्या सूर्योदयावर बेतलेले कॅलेंडर विदर्भातल्या स्वयंपाकघरात टांगलेले असते, तेव्हा हा फरक त्या चौकोनात कुठेच दिसत नाही. मोबाइलवरच्या पंचांगांत आता आपले गाव निवडता येते. तिथे नागपूर टाकून बघावे.